घोड्याच्या आतड्याला पीळ पडतो तेव्हा

(शेतकरी बंधू-भगिनींसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

आज भात, नागली, वरई बाजूला ठेवू आणि घोड्याविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, दाभोशाला घोडे किती आणि साहेब बोलतात कशावर! खरं आहे. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात दारात बैलजोडी असते, शेळ्या असतात, कोंबड्या असतात. घोडं क्वचित. १६६४ साली सुरतेला जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम जव्हारजवळ शिरपामाळावर पडला होता असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्यानंतर एवढी घोडी या वाटेनं गेली नसतील. पण आता लग्नाच्या वरातीला घोडी लागते, पावसाळ्यात दाभोशाचा धबधबा पाहायला माणसं लोटतात, आणि एखाद्या तरुणाच्या मनात येतं की एक घोडी ठेवली तर चार पैसे सुटतील. विचार वाईट नाही. म्हणूनच हे सांगायला हवं, कारण बैल सांभाळायची आपली अक्कल घोड्याच्या पोटाला लागू पडत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात थोडी माझीही चूक होती.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्यानं दत्तजयंतीच्या यात्रेत, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, एक घोडी घेतली. तापीकाठचा हा बाजार मोठा, नंदुरबार जिल्ह्यात भरतो. पैसे काही घरचे, काही उसने. घोडी गुणी होती. दोन वराती झाल्या. होळीच्या आधी एका संध्याकाळी सातच्या सुमाराला तिनं तोबऱ्यातला हरभरा तसाच टाकला आणि पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. मान वळवून कुशीकडे बघे, बसे, उठे, लोळे, अंगाला घामाच्या धारा. शेजारचे एक बाबा म्हणाले, पोट फुगलंय, तेल पाजा. बैलाला पाजतो तसं बांबूच्या नळकांड्यानं तेल पाजलं. त्यात कुणी हिंग घातला, कुणी ओवा. मी त्या रात्री गावात मुक्कामाला होतो, मलाही बोलावलं. मी बीएस्सी ॲग्रीकल्चर. पशुसंवर्धनाचा विषय परीक्षेपुरता केलेला, जनावरांचा डॉक्टर नव्हे. मी म्हटलं, फिरवत राहा.

पहाटे तीनच्या सुमाराला घोडी एकदम गप झाली. लोळणं बंद, उकरणं बंद. मान खाली घालून उभी. घरधनी म्हणाला, "साहेब, आराम पडला तिला." मीही म्हटलं, "हो, आता उभी राहू दे, सकाळी बघू."

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी घोडीचा ओठ वर केला. हिरड्या पिकल्या जांभळासारख्या. पोटात सुई घालून पाहिली तर रक्त मिसळलेलं पाणी आलं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ती रात्री गप झाली ना, तेव्हा आतडं मेलं होतं. दुखायला काही उरलंच नव्हतं." दुपारपर्यंत घोडी गेली.

त्या डॉक्टरांना मी नंतर बरंच काही विचारलं. पुढचं सारं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

आधी घोड्याचं पोट समजून घ्या. बैल रवंथ करतो, त्याच्या पोटाला चार कप्पे, वायू झाला तर ढेकर देऊन काढतो. घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानानं लहान, दहा-पंधरा लिटरचं, आणि घोड्याला ओकता येत नाही. आत गेलेलं वर यायची वाट जणू बंदच. त्यापुढे लहान आतडं, सत्तर फुटांच्या आसपास लांब, आणि ते पाठीच्या कण्याखाली एका पातळ पडद्याला लोंबकळत असतं. त्याच्याही पुढे मोठं आतडं, चांगलंच रुंद, पोटात दुमडून ठेवलेलं आणि बऱ्याच ठिकाणी मोकळं. एवढं लांबलचक आतडं मोकळं लोंबकळणार, मग कधीतरी त्याला पीळ पडणार, कधी एखाद्या फटीत अडकणार. म्हाताऱ्या घोड्यात चरबीची गाठ देठाला लोंबते आणि तो देठ आतड्याभोवती दोरीसारखा आवळतो. व्यालेल्या घोडीत प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांत मोठ्या आतड्याला पीळ पडण्याचं भय जास्त असतं.

पीळ पडला म्हणजे काय होतं? तुमच्या भाताच्या खाचराचा दाखला देतो. खाचरात पाटाचं पाणी येतंय आणि बाहेर जायची वाट कुणी दगड लावून बंद केली, तर खाचर भरतं, बांधावरून वाहतं, शेवटी बांध फुटतो. आतड्याला रक्त आणणाऱ्या नसा जाड सालीच्या, जोरानं वाहणाऱ्या. रक्त परत नेणाऱ्या नसा पातळ. पीळ बसला की पातळ नस आधी दबते. रक्त येतच राहतं, परत जात नाही. आतडं सुजतं, काळंनिळं होतं, त्यातून रक्ताचं पाणी पोटात झिरपतं. पीळ आणखी घट्ट झाला तर येणारं रक्तही बंद, म्हणजे प्राणवायू बंद. आतड्याच्या आतलं अस्तर आधी मरतं. रक्त पुरतं तुटलं तर चारेक तासांत ते अस्तर परत भरून येण्यापलीकडे जातं. चार तास! आमच्या घोडीला आम्ही बारा तास तेल, हिंग आणि फेऱ्या देत बसलो होतो.

अस्तर म्हणजे आतड्याची आतली भिंत. ती पडली की आतड्यातले जंतू आणि त्यांचं विष रक्तात उतरतं. मग नाडी धावते, अंग गार पडतं, खुरं आतून सुजतात, सगळा देह ढासळतो. म्हणून हे दुखणं पोटापुरतं राहत नाही.

आणखी एक गोष्ट मला नवीन होती. मी डॉक्टरांना विचारलं, पीळ सोडवला, रक्त पुन्हा सुरू झालं, की सगळं ठीक? ते म्हणाले, नेहमीच नाही. उन्हानं भेगाळलेल्या बांधावर एकदम पाणी सोडलं तर कोरडा होता तोवर उभा असलेला बांध पाण्यानं वाहून जातो. तसंच उपाशी आतड्यात रक्त एकदम परतलं की त्या रक्तातल्या प्राणवायूपासूनच काही जहाल पदार्थ तयार होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावून जातात आणि उरलेलं अस्तरही सोलून काढतात. म्हणून शस्त्रक्रिया झाली तरी पुढचे दोन-चार दिवस घोडं टांगणीला असतं. ही हानी रोखणारं हमखास औषध अजून नाही, प्रयोग चालू आहेत. जेवढा वेळ रक्त बंद राहिलं, तेवढी हानी जास्त. वेळ वाचवणं हाच त्यावरचा मोठा उपाय, आणि तो डॉक्टरांच्या पेटीत नाही, तुमच्या हातात आहे.

आता ओळखायचं कसं? घोड्याच्या पोटदुखीची बहुतेक प्रकरणं साधी असतात. वायू, मळ अडकणं, पोटात मुरडा. डॉक्टरांच्या एखाद-दुसऱ्या इंजेक्शनानं बरी होतात. पीळाची थोडी. पण सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे अंदाज बांधत बसू नका. नाडी मोजायला शिका. खालच्या जबड्याच्या हाडावर, आतल्या काठाला, बोटं ठेवली की एक दोरीसारखी नस हाताला लागते. घड्याळ धरून पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारानं गुणा. निवांत घोड्याचे मिनिटाला २८ ते ४४ ठोके. साठच्या वर गेले तर गंभीर. ऐंशीच्या वर गेले आणि तिथंच राहिले तर जीवावरचं. मग ओठ वर करा. हिरडी ओलसर, गुलाबी हवी. बोटानं दाबली की पांढरी होते, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. विटेसारखी लाल, कोरडी किंवा जांभळी दिसली, रंग परतायला वेळ लागला, तर थांबू नका. कुशीला कान लावा. निरोगी घोड्याच्या पोटात सतत गुडगुड चालू असते. दोन्ही कुशींत शांतता असली तर ती चांगली शांतता नव्हे.

आणि सगळ्यांत फसवी खूण मी वर सांगितलीच. तीव्र दुखत असलेलं घोडं औषधाशिवाय एकाएकी गप झालं, पण नाडी जोरातच आहे, अंग गार आहे, मान खाली आहे, लीद नाही, तर तो आराम नव्हे. त्या वेळी ओठ वर करून हिरडी पाहिली असती तर मी "सकाळी बघू" म्हटलं नसतं.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं? समोरचा चारा आणि दाणा काढून घ्या. घोडं मोकळ्या, मऊ जागेत न्या, आजूबाजूला दगड, खुंट, कुंपणाची तार नको. दहा-पंधरा मिनिटं हळू फिरवलं तर हरकत नाही, पण दमेपर्यंत ओढत नेऊ नका. आडवं होऊन शांत पडत असेल तर पडू द्या. जोरात लोळायला लागलं तर उठवा, पण स्वतःला लाथ लागणार नाही असे उभे राहा. घोडं त्या वेळी मालक ओळखत नाही. तोंडातून काही पाजू नका. तेल नाही, हिंग नाही, टर्पेंटाइन नाही, सोडा नाही. बैलाचं पोट फुगलं की आपण तेल पाजतो, ती सवय इथं घातक. घोड्याचं जठर आधीच तट्ट भरलेलं असतं, वर निघायची वाट नाही, त्यात तुम्ही आणखी ओतता. जठर फुटलं तर तिथंच खेळ संपला. शिवाय नळकांड्यानं पाजलेलं तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाला धरतं. पोटावर डाग देऊ नका. नजर उतरवायची असेल तर उतरवा, मी कुणाच्या श्रद्धेला हात लावत नाही, पण फोन आधी करा. आणि कुणाकडचं उरलेलं वेदना थांबवणारं इंजेक्शन स्वतः टोचू नका. त्यानं दुखणं झाकलं जातं आणि डॉक्टरांना पीळ ओळखायला उशीर होतो. दिलंच असेल तर लपवू नका, काय दिलं आणि किती वाजता दिलं ते सांगा.

डॉक्टर आल्यावर नाकातून जठरात नळी घालतात. पाहायला भीती वाटते, पण साठलेलं पाणी आणि वायू काढायची तीच एक वाट. कित्येकदा बादलीभर निघतं आणि घोडं डोळ्यांदेखत हलकं होतं. मागून हात घालून आतडं तपासतात. शिरेतून दुखण्याचं आणि सूज कमी करण्याचं औषध देतात आणि सलाइन लावतात. सलाइन म्हणजे माणसाची एक-दोन बाटल्या नव्हे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला वीस लिटर सहज लागतं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या. बाटली धरायला, बदलायला, कंदील दाखवायला माणसं लागतात. शेजाऱ्यांनी गोळा व्हायचं ते याच्यासाठी. औषध देऊनही दुखणं तासाभरात परत उसळलं, नळीतून पुन्हा पुन्हा पाणी यायला लागलं, पोटातल्या सुईला लाल पाणी आलं, तर डॉक्टर सांगतील की पीळ आहे आणि औषधानं सुटणार नाही.

अशा वेळी मोकळेपणानं विचार करावा लागतो. पीळ सुटतो तो पोट उघडून. भूल देऊन पोट फाडतात, आतडं सरळ करतात, मेलेला भाग कापून दोन टोकं शिवतात. नंतर शिरेतून औषधं, विषावर औषध, खुरांना बर्फ, आणि मूठमूठ चाऱ्यानं पुन्हा सुरुवात. हे काम मुंबई-पुण्याकडे होतं. रेसच्या घोड्यांमुळे तिथं घोड्यांचे जाणकार डॉक्टर आहेत आणि परळला १८८६ सालापासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण दाभोशाहून जव्हार वीसेक किलोमीटर, तिथून मुंबई दीडशेच्या आसपास, घाटाचा रस्ता, रात्री टेम्पो मिळेल तेव्हा खरा, आणि खर्च मोठा. चार तासांचा हिशेब तुम्हीच मांडा. पहिल्या तासात डॉक्टर आले, त्यांनी लगेच पीळ ओळखला, पैशाची सोय आहे, तर निघा. जठर नळीनं रिकामं करून, वेदना थांबवून, निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांना फोन करून निघा. नाहीतर घोड्याला तडफडत ठेवू नका. डॉक्टरांना सांगून इंजेक्शननं शांतपणे झोपवा. मालकाला हे तोंडातून काढायला जड जातं. आमच्या शेतकऱ्याला ते विचारायची वेळच आमच्या उशिरानं आली नाही, घोडी आपोआप गेली, पण सकाळपासून दुपारपर्यंत ती ज्या प्रकारे उभी होती ते मी विसरलेलो नाही. मेलेलं घोडं उघड्यावर टाकू नका. विहिरीपासून, ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरा. दुखण्यावरची काही औषधं गिधाडांना मारतात. त्यातल्या डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ सालीच बंदी आली.

आता ज्या गोष्टी आधी करता येतात त्या. पीळ कधी पडेल हे कुणी सांगू शकत नाही, पण एक मोठं कारण आपल्याला अडवता येतं, ते म्हणजे जंत. घोड्यात एक गोलकृमी असतो, स्ट्रॉन्गायलस वल्गॅरिस नावाचा. त्याची पिल्लं ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात, घोडं गवताबरोबर ती गिळतं. पिल्लं आतड्याच्या भिंतीतून शिरतात आणि रक्तवाहिनीच्या आतून सरकत थेट आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीत जाऊन महिनोन्‌महिने राहतात. तिथं सूज येते, रक्ताच्या गाठी धरतात. गाठ सुटून पुढे बारीक फांदीत अडकली की आतड्याच्या तेवढ्या तुकड्याला रक्त नाही. पीळ न पडता आतडं मरतं. आपल्याकडे पाऊस चार महिने, गवत सतत ओलं, म्हणजे या पिल्लांना रानच मोकळं.

यावर औषध आहे आणि त्याची गोष्ट शेतकऱ्याला आवडेल अशी आहे. जपानमधल्या सातोशी ओमुरा नावाच्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात मातीच्या नमुन्यातून एक जंतू वेगळा केला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातला जंतनाशक पदार्थ ओळखला. त्यापासून आयव्हरमेक्टिन झालं. २०१५ साली या दोघांना नोबेल मिळालं. मूठभर मातीतून! हे औषध धमनीतल्या पिल्लांनाही मारतं. पण ते घोड्यासाठीचं, तोंडातून द्यायचं, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. गाई-बैलांसाठीचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका, गळू होऊन घोडी गेल्याची उदाहरणं आहेत. दर महिन्याला अंदाजानंही देऊ नका, जंत औषधाला सरावतात. मूठभर ताजी लीद डबीत घालून दवाखान्यात न्या, अंडी मोजून डॉक्टर कधी द्यायचं ते सांगतील.

आणि लीद उचला. आठवड्यातून दोनदा चरायच्या जागेवरची लीद पाटीत भरून खताच्या खड्ड्यात टाका. खड्डा नीट रचला तर आत तापतो आणि जंताची पिल्लं मरतात, वर खतही मिळतं. चरणीवर ताजी लीद पसरू नका. एवढं काम घरातली शाळकरी मुलंही करतात.

चाऱ्याचं थोडक्यात. घोड्याला थोडं थोडं, पुष्कळ वेळा लागतं. बैलासारखं दोनदा भरपेट नको. आपल्याकडचं सुकं गवत चांगलं. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ठेवू नका आणि पावसात भिजून बुरशी धरलेलं गवत कितीही पैशाचं असलं तरी टाकून द्या. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. बाजारातून ट्रकनं आणलेल्या घोड्याला पहिल्या दिवशी पाणी आणि गवत, दाणा नंतर. मूळ मालकाकडून येतानाच चार पेंढ्या त्याच्या सवयीचा चारा मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. पाणी उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर, जास्तही लागेल. दाभोशाला धबधबा आहे म्हणून चैत्र-वैशाखात विहिरीला पाणी असतं असं नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. घोडं घेण्याआधी मे महिन्याचा हिशेब करा.

आता शेवटचं काम, आणि ते आज संध्याकाळीच करा. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा. त्याखाली तुमच्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांचा मोबाइल नंबर, त्याखाली टेम्पोवाल्याचा. पाड्यात ज्या टेकाडावर रेंज येते ती जागा घरातल्या सगळ्यांना, बायका-मुलांनाही माहीत असू द्या. फोन लागला की एवढं सांगा: दुखणं किती वाजता सुरू झालं, मिनिटाला ठोके किती, हिरडीचा रंग कसा, लीद शेवटची कधी पडली, तोंडातून काही पाजलंय का. पाजलं असेल तर तेही सांगा. डॉक्टर रागावतील, पण येतील.